इंदूबाईंची बोटं

आमच्या शेजारच्या इंदूबाईंशी कधी बोलायला बसलात तर त्यांच्या तोंडाकडं बघू नका, मांडीकडं बघा. तुम्ही बोलायला लागलात की त्यांची दहाही बोटं मांडीवर टपटप नाचायला लागतात. तुम्ही थांबलात की बोटं थांबतात. मध्येच खोकलात तर बोटं जरा अडखळतात, आणि मग खोकलासुद्धा उतरवून घेतात. फक्त इंदूबाई स्वतः बोलतात तेव्हा ती बोटं पदराखाली गप्प पडून असतात.

मंगळवार पेठेतल्या ह्या आमच्या गल्लीत ही बोटं पहिल्यांदा नाचायला लागली तेव्हा मला वाटलं, बाईला वाताचं दुखणं आहे. मी आपली शेजारधर्म म्हणून सांगायला गेले. तर त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वैनी, वात न्हाय हो. तुम्ही बोललासा ते टायपलं. 'इंदूबाई, झोपताना कोमट तेल चोळत जावा, आणि आमचं पातेलं तुमच्याकडंच राहिलंय.' बरोबर?"

अक्षरन् अक्षर बरोबर होतं. पातेलंही लगेच मिळालं.

इंदूबाई म्हणजे टायपिंग क्लासच्या बाई. घराच्या पुढच्या सोप्यात पाच टाइपरायटर, त्यांना नावं न ठेवता नंबर दिलेले. सकाळी सहाला क्लास सुरू व्हायचा. आमच्या घरात गजर कधी लागला नाही; पाच मशीनं एकदम सुरू झाली की मेलेला माणूस उठून चहा मागेल, असा तो आवाज. आणि त्यावर इंदूबाईंची आरोळी, "नजर वर!" बटणांकडं बघून टाइप करणं हा त्यांच्या लेखी चोरीच्या खालोखालचा गुन्हा. कुणी खाली बघताना सापडला की पेढ्यांच्या खोक्याचं झाकण त्याच्या हातांवर उलटं पालथं घालायच्या. आत बोटं, वर पुठ्ठा. "बोटांना डोळं असत्यात. ती उघडंपर्यंत झाकण निघायचं न्हाय."

असली झाकणं घेऊन कोल्हापुरातल्या निम्म्या ऑफिसांतले क्लार्क तयार झाले, असं त्या म्हणायच्या. मी पोरींच्या शाळेत, कचेरीत कुठंही गेले की बघायची. छताकडं बघत टाइप करणारा माणूस दिसला की ओळखायचं, इंदूबाईंचा.

त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे गल्लीनं पुष्कळ वर्षं विचारलं आणि मग सोडून दिलं. घरात त्या आणि त्यांचा थोरला भाऊ, दोघंच. भावाला सगळे दादा म्हणायचे. वैशाख पौर्णिमेला दादा स्वतः पातेलंभर खीर घेऊन आमच्या दारात यायचा आणि ती संपेपर्यंत गप्पा मारायचा, म्हणजे निम्मी खीर तोच खायचा. दादा आणि आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, एकाच फौंड्रीत. मालक भट्टीवर, दादा कास्टिंग घासायच्या खात्यात. दादा बोलायला लागला की हसून हसून पोटात दुखायचं. नकला काय करायचा, गोष्टी काय सांगायचा! आणि कुणी दुसऱ्यानं सांगितली तर त्याच्याहून मोठ्यांदा हसायचा. संध्याकाळी त्यांच्या सोप्यात गल्लीची बैठक भरायची ती दादामुळं.

पण फौंड्रीतल्या त्या घणाघाणीनं त्याचे कान खाल्ले. एका दिवसात नव्हे. आधी हळू बोललेलं ऐकू येईना, मग मोठ्यानं बोललेलं, मग काहीच नाही. कानाचं यंत्र आणलं, ते नुसतं शिट्ट्या मारायचं. नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हापासून दादा पुरा बहिरा. बोलायचा मात्र पहिल्यासारखाच, उलट जास्त मोठ्यानं. ऐकणं तेवढं गेलं.

आता कळलं, बोटं कशासाठी नाचायची?

दादा सोप्यात बसलाय, सगळे हसतायत, आणि तो एकेकाच्या तोंडाकडं बघतोय, हे इंदूबाईंना बघवेना. त्यांनी पाच नंबरचं मशीन दादाच्या पुढ्यात ओढलं आणि बैठकीत जो जे बोलेल ते टाइप करायला लागल्या. दादा रुळावरून वर येणारा कागद वाचायचा. पण त्या खडखडाटात आम्हालाच एकमेकांचं ऐकू येईना! शिवाय आपण बोललेला शब्द कागदावर छापला जातोय म्हटल्यावर माणसं जपून बोलायला लागली. आमचे मालक तर चहाला नको म्हणायलाही घाबरायचे. म्हणायचे, "कोर्टात जबानी दिल्यागत वाटतंय गं." मग इंदूबाईंनी दुसरी रीत काढली. दिवसभर सगळ्यांचं मांडीवर टाइप करून बोटांत साठवायचं आणि जेवणं झाली की कागदावर उतरवून दादाला द्यायचं. दादा वाचून हसायचा. एकटाच.

अशी बरीच वर्षं गेली. कॉम्प्युटर आले तशी क्लासची पोरं कमी झाली. पाचातली तीन मशीनं टॉवेल पांघरून झोपली. इंदूबाई काही त्या कॉम्प्युटरवर रागावल्या नाहीत. त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, बाळू चौगुले. मूळचा मुरगूडचा, चांगला चाळिशीचा, मिशा राखलेला, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेला. हा बाळू टायपिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झाला होता, आणि अजून बाईंच्या पुढं आला की हात मागं बांधून उभा राहायचा. त्यानं दोन हजार पाच-सहाच्या सुमारास एक जुना लॅपटॉप आणून दिला. कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेला. त्यात मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर घातलं, बटणं टाइपरायटरच्या जागेवरच मराठी उमटवतील असं. बटणांवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवायला निघाला तर बाई गरजल्या, "कशाला? बघायचंय कुणाला?"

आवाज नाही, खडखडाट नाही. दादाच्या गुडघ्याजवळ पडदा. आम्ही बोलायचं आणि पडद्यावर अक्षरं यायची. केवढं कौतुक झालं पहिल्या दिवशी!

पण काय झालं, इंदूबाईंची बोटं पडली घोड्यासारखी आणि लॅपटॉप म्हातारा. बाईंचं वाक्य टाइप करून संपायचं, आणि पडद्यावर पहिला शब्द अजून उंबऱ्यावर. मग त्या हाताची घडी घालून बसायच्या. पडद्यावर एकेक अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं येत राहायचं. बाई त्याच्याकडं अशा बघायच्या जसं काही ते पन्नास उशिरानं क्लासला आलेले विद्यार्थी आहेत. "ये बाबा. ये. सावकाश ये. काय घाई न्हाय."

आणि दादा उशिरा हसायला लागला. विनोद होऊन आमचं हसणं ओसरायचं, विषय भलतीकडं जायचा, आणि मग दादाचा गडगडाट. आधी आम्हाला त्याची गंमत वाटायची. त्यालाही वाटायची. म्हणायचा, "माझी गाडी पाठीमागनं येतीया, जेवायला थांबू नगा."

एक दिवस मात्र वाईट झालं. मालकांनी काहीतरी चावट किस्सा सांगितला, आम्ही हसलो. हसणं संपलं, तेवढ्यात पलीकडच्या घरातला जावई दारात आला. त्याची सासू गगनबावड्याला वारली होती. त्याला जीप पाहिजे होती. डोळे भरलेले, हात जोडलेले. आणि बरोबर त्या वेळी पडद्यावर किस्सा पुरा झाला. दादा मांडीवर थाप मारून हसला. हसतच त्या माणसाकडं बघून म्हणाला, "काय पण झालंय, न्हाय का पावणं?"

पुढची ओळ यायला किती वेळ लागला सांगता येत नाही. दादाचं तोंड हसताना उघडलेलं होतं ते तसंच राहिलं. त्यानं ती ओळ वाचली, उठला, आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी दादा सोप्यात आला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. मग पाय. मग काहीच म्हणेना. परसात त्याचं एक टेबल होतं, त्यावर पकडीचा लोखंडी वाईस, कानशी, करवतीची पाती. तिथं बसून दिवसभर गल्लीतली कुलपं, विळ्या, गॅसची लायटरं घासत बसायचा. बैठक भरायची, पण चव नव्हती. इंदूबाईंची बोटं मांडीवर चालायची आणि डोळे आतल्या दाराकडं.

त्यांनी बाळूला बोलावलं. "चौगुले, हे मशीन माणसाच्या मागं का ऱ्हातंय?"

बाळूनं हात मागं बांधूनच लॅपटॉप पाहिला. म्हणाला, "बाई, मेमरी कमी पडतीया."

मी विचारलं, मेमरी म्हणजे काय रे बाबा? तर त्यानं मला कळेल असं सांगितलं. "काकू, तुमचा सैपाकाचा ओटा असतो न्हवं? कपाटात भांडी ढीगभर असू द्यात, पण ओटा हातभर असला तर? एक ठेवायचं तर दुसरं उचलायला लागतंय. तसं झालंय ह्याचं. कपाट मोठं, ओटा लहान. मेमरीची पट्टी बदलली की ओटा लांबरुंद हुईल. मग बाईंनी किती बी पळवू द्यात."

त्यानं लॅपटॉप पालथा घालून खालचं झाकण कसं उघडतं तेही दाखवलं आणि गावाकडं घरचं लग्न होतं म्हणून आठ दिवस मुरगूडला गेला. आल्यावर पट्टी बसवतो म्हणाला.

आठ दिवस! इंदूबाईंना कुठला धीर? त्यांनी तीन नंबरचं मशीन विकलं. त्यांच्या परीक्षेचं मशीन होतं ते, त्याच्यावरच त्या पहिल्या आल्या होत्या. कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. ते विकून, बाजारात जाऊन, "कॉम्प्युटरची मेमरी द्या, चांगल्यातली द्या," असं मेथीची जुडी मागितल्यासारखं मागून पट्टी घेऊन आल्या. लॅपटॉपची असं सांगायचं असतं, हे त्यांना काय माहीत! दुकानदारानं दिली ती टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरची. घरी येऊन झाकण उघडून लावायला गेल्या तर पट्टी जागेच्या दुप्पट लांब. त्यांनी झाकण परत लावलं, पट्टी टेबलावर ठेवली, लॅपटॉप सुरू केला तो तसाच ठेवला आणि क्लासच्या दोन पोरींना शिकवायला सोप्यात गेल्या. हे सगळं दादा परसातून बघत होता.

मी त्या दिवशी कोथिंबीर मागायला म्हणून मागच्या दारानं गेले. बघते तर दादानं ती पट्टी वाईसमध्ये आडवी धरलेली, मधोमध खडूची रेघ मारलेली, आणि हातात करवतीचं पातं!

मी ओरडले, "दादा, थांबा!"

दादा माझ्याकडं बघून छान हसला. "वैनी, बसा. इंदीचा चेहरा बघितलासा न्हवं? मालात खोट न्हाय, मापात हाय. आत्ता बसवतो."

मी हात हलवले. त्याला वाटलं, भुसा उडेल म्हणतीय. तोंड पदरानं झाका म्हणाला. पातं चालायला लागलं. आता काय करावं? मी पळत जाऊन लॅपटॉप आणला, त्याच्यापुढं धरला आणि 'थांबा' लिहायला बसले. पण बटणांवर सगळी इंग्रजी अक्षरं! थ कुठं असतो, मला काय ठाऊक! मी मिळेल ते दाबत सुटले. आणि ते मेलं मशीन, एकेक अक्षर येतंय आपलं सावकाश. दादानं मान वाकडी करून पडदा वाचला.

"कानडी हाय व्हय वैनी?" म्हणाला, आणि पट्टीचे दोन तुकडे झाले.

मग त्यानं कडा कानशीनं अशा गुळगुळीत केल्या की काय सांगू. पस्तीस वर्षांचा हात होता तो.

बाळू परत आला तेव्हा दादानं स्वतः झाकण उघडून दाखवलं. अर्धी पट्टी आत तंतोतंत बसलेली. लॅपटॉप तिच्यासकट सुरू होईना, ही गोष्ट वेगळी. दादा छाती काढून उभा. "फिटिंग बघ, बाळ्या."

बाळूनं पट्टी काढून हातात धरली. मिशा थरथरल्या. हसू दाबत होता की रडू, देव जाणे. बाईंकडं बघून हळूच म्हणाला, "बाई, करवत मारल्या ह्याला. सोनं जरी असतं तरी आता उपेग न्हाय."

पट्टी काढल्यावर लॅपटॉप सुरू झाला. दादा विचारत होता, "काय म्हणतोय? आँ? काय म्हणतोय?"

इंदूबाई बसल्या. बोटं चालली आणि थांबली. आम्ही सगळे पडद्याकडं बघत उभे. एकेक अक्षर आलं. 'बाळू म्हणतो, फिटिंग एक नंबर. असं काम दुकानात होत नाही. पण माल मुळातच डुप्लिकेट निघाला.'

ज्या बाईनं कुणाचा खोकला कधी चुकवला नाही, तिनं त्या दिवशी न बोललेलं टाइप केलं. बाळूनं मान खाली घातली, आणि दादाला दिसेल अशी जोरजोरात हलवली.

"मी म्हटलंच," दादा म्हणाला. "हल्लीचा मालच तसला."

जुन्या लॅपटॉपची पट्टी जुन्यातच शोधायला लागते म्हणे. बाळूला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत मी इंदूबाईंकडं गेले आणि म्हटलं, मला शिकवा. त्या दिवशी थ सापडला असता तर तुमचं तीन नंबरचं मशीन वाया गेलं नसतं. माझी शाळा चौथीपर्यंत; पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालेलं. वय बासष्ट. इंदूबाईंनी मला दोन नंबरवर बसवलं आणि हातांवर पेढ्यांचं झाकण पालथं घातलं. "नजर वर, वैनी!" मी नजर वर केली की बोटं भलतीकडं, बोटं जाग्यावर आणली की नजर खाली. माझ्या बोटांना काही डोळे फुटले नाहीत. पण झाकण उचलून चोरून बघत बघत एका बोटानं मला अक्षरं सापडायला लागली.

आणि एका संध्याकाळी बाळू शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेली पट्टी घेऊन आला. अंगठ्याएवढी. लॅपटॉप पालथा घातला, बॅटरी काढली, झाकण उघडलं, पट्टी तिरकी लावून दाबली. खट्ट झालं. तेवढंच. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल.

इंदूबाई आत जाऊन दादाचा हात धरून त्याला बाहेर घेऊन आल्या. येत नव्हता. "नगं इंदे, माझं हसू कुणाच्या तरी मयतीत पडतंय," म्हणत होता. त्यांनी त्याला नेहमीच्या जागी बसवलं, पुढ्यात पडदा ठेवला. आता बोलायचं म्हटल्यावर कुणाला काही सुचेना.

शेवटी इंदूबाईच म्हणाल्या, "चौगुले, तुमच्या पहिल्या परीक्षेचं सांगा."

बाळूनं हात मागं बांधले. "काय सांगायचं बाई! छताकडं बघून टायपायला बसलो. तुमची आज्ञा. पण बोटं पहिल्यांदाच एक घर सरकून बसलेली, मला काय पत्ता? अख्खं पान बडवलं, एक बी चूक न करता, पण समदं एक घर सरकून! तपासणारं सायेब आलं. पान बघितलं. म्हणालं, कुठल्या गावचं तुम्ही? म्हटलं, मुरगूडचा. तर म्हणालं, तिकडं असली भाषा बोलत्यात व्हय?"

आम्ही फसकन् हसलो. आणि आमच्या हसण्यातच, मधोमध, दादा हसला. आधी नाही, मागाहून नाही. मालकांच्या मांडीवर थाप मारली, बाळूच्या पाठीत गुद्दा घातला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्याला स्वतःला कळलं तसा क्षणभर थांबला, आमची सगळ्यांची हसरी तोंडं बघितली, आणि परत हसला.

मी इंदूबाईंकडं बघितलं. त्या काहीतरी पुटपुटल्या. बोटं पदराखाली गप्प.

दादानं डोळे पुसले आणि पडद्यावरचं परत वरपासून वाचायला लागला. वाचता वाचता म्हणाला, "बाळ्या हाय, सायेब बी हाय. इंदे, मगाशी तुझं व्हट हाललं की. तू काय बोललीस? ते हितं आलं न्हाय." मग जरा थांबून, त्याला हळू वाटेल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाला, "तुझं कधीच आलेलं न्हाय ग."

इंदूबाई म्हणाल्या, "काय न्हाय, असंच." पण ते त्याला ऐकू कुठं जातंय?

मी उठले. त्यांना म्हटलं, सरका जरा. लॅपटॉप मांडीवर घेतला. काय बोललात ते सांगा म्हटलं. त्या सांगेनात. मग खाली बघत सांगितलं. मी एक बोट वर धरून अक्षर शोधायला लागले. सवयीनं मान वर गेली, आता आरोळी येणार म्हणून. पेढ्यांचं झाकण तिथंच टेबलावर होतं. इंदूबाईंनी ते उचललं आणि मागं ठेवून दिलं.

"खाली बघा वैनी," म्हणाल्या. "आज चालतंय."

मी खाली बघून टाइप केलं; बटणांवर इंग्रजी असली तरी जागा दोन नंबरच्याच. ह्या वेळी मशीनला काही उशीर नव्हता, उशीर माझ्या बोटाला होता. मी अक्षर शोधायची, ते पडदा धरून थांबायचं. दादा वाकून बसलेला. एकेक अक्षर आलं तसं त्यानं त्याच्याखाली बोट धरलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं, "इंदू म्हणते... अकरा... वर्षांनी... दादाबरोबर... हसले."

इंदूबाईंनी तोंड भिंतीकडं केलं होतं, पण ओठ थांबले नव्हते. एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं ते, हळू आवाजात, भिंतीला सांगितल्यासारखं चाललेलं.

दादानं ते बघितलं. माझ्याकडं वळला.

"वैनी," म्हणाला, "हात का थांबला? ती बोलतीया अजून. टायपा की."